रजिस्टर कसं सुटलं: माझा अनुभव

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत आमच्या युनिटमधे डिस्पॅच आधी रजिस्टरवर, मग टॅलीत (हिशोबाचं सॉफ्टवेअर), ई-वे बिल (माल गाडीनं न्यायला लागणारं जीएसटीचं ऑनलाइन कागद) सगळ्यात शेवटी, म्हणून रायपूरची गाडी रोज गेटवरच अडकायची, कारण राज्याबाहेर 50,000 रुपयांच्या वर माल म्हटला की ई-वे बिल लागतेच. मी रजिस्टर सोडून ई-वे बिल पहिलेच भरायची नवीन पद्धत एकदम लावली तर चार दिवसांत सगळे परत रजिस्टरवर, लई वाईट वाटलं बाप्पा. मग स्टोअरच्या काकाजींजवळ जाऊन बसलो, विचारलं नेमकं कुठं अडते. ते म्हणे, "गाडी नंबर शेवटी कळते न भाऊ, पहिले कसा भरू?" खरी गोष्ट! मग टॅलीत बिल झालं की ई-वे बिलाचा पार्ट-ए (मालाची माहिती) भरून ठेवायचा अन् गाडी लागली की पार्ट-बी (गाडी नंबर), एवढंच केलं. पंधरा दिवस दोन्ही चालू ठेवलं, नंतर रजिस्टर काकाजींनीच बंद केलं.