पन्नाशीनंतर पूर्णवेळ चित्रकार होताना या चुका टाळा

निवृत्त होऊन किंवा स्वेच्छानिवृत्ती घेऊन पूर्णवेळ चित्रकलेकडे वळणाऱ्यांच्या बहुतेक अडचणी घाईतून निर्माण होतात. नोकरीच्या तीस वर्षांत राहून गेलेले दोन-तीन वर्षांत भरून काढायचे, असे मनाने घेतलेले असते. त्यामुळे प्रदर्शन, विक्री आणि स्वतःची शैली या तिन्ही गोष्टी पहिल्याच वर्षी हव्याशा वाटतात.

रवींद्रनाथ ठाकूर साठीनंतर चित्रांकडे गांभीर्याने वळले आणि १९३० मध्ये पॅरिसला त्यांचे प्रदर्शन झाले, हे उदाहरण निरोपसमारंभाच्या भाषणांत हमखास ऐकू येते. मात्र तेव्हा ते जगभर नाव असलेले नोबेलविजेते कवी होते, हे सांगायचे राहून जाते. त्यापेक्षा फ्रेंच चित्रकार आंरी रूसोचे उदाहरण आपल्या अधिक उपयोगाचे आहे. पॅरिसच्या जकात खात्यात नोकरी करीत असतानाच तो १८८६ पासून, परीक्षकांविना भरणाऱ्या स्वतंत्र कलाकारांच्या प्रदर्शनात चित्रे मांडत होता. १८९३ मध्ये, वयाच्या ४९ व्या वर्षी, त्याने नोकरी सोडली. तरीही तुटपुंज्या निवृत्तिवेतनाला जोड म्हणून त्याला शिकवण्या कराव्या लागल्या. म्हणजे नोकरी सुटण्याआधी चित्रांची सवय लागलेली असावी आणि नोकरी सुटल्यावर घरखर्च चित्रांवर टाकू नये. नोकरीत असताना आठवड्याला आठ-दहा तास ज्यांना काढता आले नाहीत, त्यांना मोकळा दिवस मिळाल्यावरही ते सहसा साधत नाही.

ग्रॅच्युइटीची रक्कम स्टुडिओच्या सजावटीत घालणे ही चूक नेहमी दिसते. दोन वर्षांचा घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय मोठी खरेदी करू नये. कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपणार असेल, तर स्वतःची पॉलिसी आधीच काढावी, कारण आधीपासूनच्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंतची प्रतीक्षा असू शकते.

चित्र बिघडते तेव्हा

जलरंग मळकट होत असतील, तर दोष हातापेक्षा कागदात आणि उतावळेपणात असण्याची शक्यता अधिक. अर्धवट ओल्या थरात पुन्हा कुंचला घातला की खालचा रंग उचलला जातो. तीन-चार रंगद्रव्ये एकत्र आली की छटा मरते. पहिला थर पूर्ण सुकू द्यावा, एका मिश्रणात शक्यतो दोनच रंग वापरावेत आणि सरावासाठीसुद्धा अधूनमधून ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) पूर्ण सुती कागद घ्यावा. स्वस्त कागदावर वर्षभर झगडून ‘मला जलरंग जमत नाही’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ असतात.

तेलरंगाला भेगा पडत असतील, तर थरांचा क्रम तपासावा. खालचे थर पातळ आणि कमी तेलाचे, वरचे अधिक तेलाचे, हा नियम उलटला की वरचा थर आधी सुकतो आणि खालचा हलत राहिल्याने तडकतो. तेलरंगावर ॲक्रिलिक चढवू नये. ते सोलून निघते. पातळ थराच्या चित्रालाही नेहमीचे अंतिम वार्निश देण्यापूर्वी सहा महिने ते वर्षभर थांबावे लागते, म्हणून पुढच्या महिन्यातील प्रदर्शनासाठी या महिन्यात तेलरंगातील मोठे काम हाती घेणे हेच मुळात चुकीचे. लिनसीड तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नये. तो आपोआप पेट घेऊ शकतो.

विकलेले चित्र दोन वर्षांत फिके पडले, तर ग्राहकाला तोंड दाखवणे अवघड होते. ट्यूबवरील आकर्षक नावापेक्षा रंगद्रव्याचा क्रमांक वाचावा. पीबी २९, म्हणजे अल्ट्रामरीन, प्रकाशात टिकतो. पीआर ८३, म्हणजे पारंपरिक अ‍ॅलिझरिन क्रिमसन, पातळ थरात उडतो. शंका असल्यास रंगाची पट्टी अर्धी झाकून तीन महिने उन्हाच्या खिडकीत ठेवावी. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी पावसाळ्यात चित्रे भिंतीला चिकटवून ठेवू नयेत आणि फ्रेमची काच थेट कागदाला टेकू देऊ नये. बुरशी तिथूनच सुरू होते.

आपली चित्रे अलीकडे फारच पिवळी-तांबूस होतात, असे इतर कोणी म्हणाले, तर रंगपेटी बदलण्याआधी डोळे तपासून घ्यावेत. मोतीबिंदूमुळे निळ्या छटा मंद दिसू लागतात. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेलाही हा त्रास झाला आणि १९२३ मध्ये त्याने शस्त्रक्रिया करून घेतली. ईझलच्या, म्हणजे चित्र ठेवण्याच्या घोडीच्या, अंतरासाठी वेगळा चष्मा करून घेतल्यास प्रोग्रेसिव्ह भिंगांतून पाहताना अवघडणारी मानही सुटते.

प्रदर्शन आणि किंमत

जहांगीर कलादालन १९५२ मध्ये सुरू झाले, आणि तिथे आठवडा मिळावा हे मराठी चित्रकाराचे जुने स्वप्न आहे. पण निवड होऊनही तारखेसाठी काही वर्षे थांबावे लागते. अर्ज जरूर करावा, परंतु त्या काळात १८८८ पासूनच्या बॉम्बे आर्ट सोसायटीसारख्या संस्थांच्या वार्षिक प्रदर्शनांकडे एकेक चित्र पाठवीत राहावे. तिथे आलेला नकार नातेवाइकांच्या कौतुकापेक्षा अधिक शिकवतो. भाड्याचे दालन घेऊन चाळीस चित्रांचे एकल प्रदर्शन लगेच भरवले, तर पाहुणे येतात, चहा होतो आणि विक्री बहुधा ओळखीतच होते.

किंमत ठरवताना चौरस इंचाचा दर धरण्याची पद्धत सोपी आणि पुरेशी आहे. मात्र तीत फ्रेम, वाहतूक आणि गॅलरीचे कमिशन, जे अनेकदा विक्रीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत जाते, धरलेले असावे. ओळखीच्यांना अर्ध्या दरात विकलेले चित्र पुढच्या ग्राहकाला कळतेच. वास्तुशांतीला भेट द्यायची असेल, तर छोटे रेखाटन द्यावे, तेही सही व तारखेसह. आणि दिलेल्या, विकलेल्या प्रत्येक कामाचे छायाचित्र, माप, माध्यम व किंमत एका वहीत पहिल्या दिवसापासून नोंदवावी. हिशेब तपासणाऱ्या सीएला आणि पुढे चित्रे मागणाऱ्या गॅलरीला तीच वही लागते.