दुरुस्त केलेला गिलावा पुन्हा का पडतो? बाहेरच्या भिंतीबाबत या चुका टाळा

मे महिना लागला की कोकणात गवंड्याची शोधाशोध सुरू होते. मृग तोंडावर आलेला असतो आणि पडलेला गिलावा कसाबसा झाकून घ्यायचा असतो. आमच्या रत्नागिरीकडच्या घराची पश्चिमेची भिंत आम्ही अशीच लागोपाठ दोन उन्हाळे दुरुस्त केली. दोन्ही वर्षी गणपतीच्या सुमारास तोच तुकडा खाली आला. तिसऱ्या वर्षी आलेल्या वयस्कर मिस्त्रींनी भिंतीला हात लावण्याआधी वर छज्जाकडे पाहिलं. छज्जाच्या पोटाला, कडेजवळ, पाणी तोडायची खाचच नव्हती. कडेवरून खाली टपकण्याऐवजी पाणी छज्जाच्या पोटाला धरून मागे सरकत होतं आणि थेट गिलाव्याच्या पाठीमागे शिरत होतं.

पाण्याचा उगम न शोधता प्लास्टर करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ओल कधी आणि कुठे दिसते ते आधी बघा. फक्त पावसाळ्यात दिसत असेल तर छज्जा, खिडकीच्या चौकटीची फट, गच्चीच्या कठड्याचा माथा आणि पावसाच्या पाइपाचे सांधे तपासा. भर उन्हाळ्यातही भिंत ओली असेल तर आतल्या बाजूला न्हाणीघर किंवा नळाची लाइन असण्याची शक्यता जास्त. जमिनीपासून गुडघाभर उंचीपर्यंतच पोपडे आणि पांढरी पूड दिसत असेल तर ओल खालून चढतेय. तिथे भिंतीला टेकलेली माती, कुंड्या, विटांचे ढीग आधी हलवा.

दुसरी चूक म्हणजे जेवढं पडलं तेवढंच भरणं. पडलेल्या जागेभोवतीचा गिलावा बहुतेक वेळा भिंतीपासून सुटलेलाच असतो. छोट्या हातोडीने ठोकून पाहा. पक्का भाग खणखणीत वाजतो, सुटलेला बद्द वाजतो. बद्द आवाज थांबेपर्यंत खडूने आखा आणि तेवढं सगळं छिन्नीने काढा. कडा निमुळत्या न ठेवता सरळ उभ्या कापा, कारण पातळ कडेचा मसाला (सिमेंट-वाळूचं कालवण) लवकर वाळून उचलला जातो.

तोडताना तांबूस डाग किंवा गंजलेली सळई दिसली, तर काम तिथेच थांबवा. गंज चढला की सळई फुगते आणि आतून काँक्रीट फोडते, वरून कितीही गिलावा मारला तरी तो पुन्हा फुटणारच. कॉलम, बीम किंवा स्लॅबच्या पोटात असं दिसलं तर आधी इंजिनिअरला दाखवा. इथे पैसे वाचवू नका, माणसं याच घरात झोपतात.

मसाल्याबद्दल एक गैरसमज घट्ट बसलाय: सिमेंट जास्त तर काम पक्कं. खरं तर सिमेंट जास्त झालं की मसाला वाळताना जास्त आकसतो आणि तडे देतो. बाहेरच्या भिंतीला साधारण एक घमेलं सिमेंटला चार घमेली चाळलेली वाळू पुरते. खाडीची वाळू नको, तिच्यातलं मीठ ओल धरतं आणि सळया गंजवतं. घट्ट होऊ लागलेल्या मसाल्यात पुन्हा पाणी घालून तो वापरू देऊ नका. वरून कोरडं सिमेंट मारून घोटू देऊही नका, जाळीसारख्या बारीक भेगा तिथूनच येतात. भिंत जुनी, चुन्यात बांधलेली असेल तर सिमेंट टाळा आणि चुन्याचाच गिलावा करणारा माणूस शोधा. चुना आतली ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडून ठेवतं.

जांभा दगड आणि वीट दोन्ही पाणी पितात. कोरड्या भिंतीवर गिलावा मारला तर भिंत मसाल्यातलं पाणी शोषून घेते, म्हणून आधी भिंत भिजवा, पण पाणी ओघळत असताना काम सुरू करू नका. एका दमात जाड थर नको. पहिला हात सुमारे १२ मिलिमीटरचा, त्यावर ओरखडे काढून ठेवायचे. दुसरा हात ८ मिलिमीटरचा. मग किमान ७ दिवस पाणी मारायचं, उन्हात दिवसातून तीन-चार वेळा. गवंडी पैसे घेऊन गेल्यावर हे काम आपल्यालाच करावं लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं.

भेगांचं थोडं वेगळं आहे. केसाएवढ्या स्थिर भेगा रंगाआधी क्रॅक फिलरने भरल्या तरी चालतात. बीम आणि भिंतीच्या सांध्यावरची सरळ भेग मात्र नुसती भरून टिकत नाही, कारण काँक्रीट आणि वीट उन्हात सारखे प्रसरण पावत नाहीत. तिथला गिलावा काढून दोन्ही बाजूंना वीतभर चिकन जाळी (बारीक तारेची जाळी) ठोका आणि मग प्लास्टर करा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग असेल तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. दोन-तीन महिन्यांत भेग खुणेच्या पुढे सरकली तर पाया हलतोय का ते इंजिनिअरकडून तपासून घ्या.

रंगाची घाई नको. ताज्या गिलाव्यात ओल आणि क्षार असतात, सुमारे ४ आठवडे थांबा, नाहीतर रंगाला फोड येतात. हे सगळं मे महिन्यात बसत नाही. दिवाळीनंतर भिंती वाळलेल्या असतात, ऊन मऊ असतं आणि मिस्त्रीही निवांत भेटतात. आमची भिंत तेव्हाच झाली, छज्जाला खाच पाडून.