साडीतले फोटो घरच्या टीव्हीवर झळकू नयेत म्हणून

कार्निव्हलला पणजीत मुलाने साडी नेसून फोटो काढायचे आणि फोंड्यात घरच्या टीव्हीच्या स्क्रीनसेव्हरवर आईने ते बघायचे, हे सहज होऊ शकतं. फोनचं आणि टीव्हीचं गूगल खातं एकच असलं आणि स्क्रीनसेव्हरला गूगल फोटोज निवडलेलं असलं की झालं! सगळे धास्ती घेतात रस्त्यावरच्या सीसीटीव्हीची, पण चहाडी बहुधा खिशातला फोनच करतो.

निघण्याआधी:

१. गूगल फोटोजमधला बॅकअप, म्हणजे फोनमधले फोटो आपोआप गूगल खात्यात चढवणारी सोय, बंद करा.

२. सारखे चेहरे एकत्र लावण्याची सोयही बंद करा. विग, काजळ, ठसठशीत टिकली असूनही ती चेहरा ओळखू शकते आणि ऑफिसातल्या फोटोंशेजारी हे नेऊन ठेवते.

३. पार्टनर शेअरिंग, म्हणजे फोटो आपोआप जोडीदाराला दाखवणारी सोय, तपासा. लग्न झालेल्यांनी आधी हेच.

४. कॅमेऱ्याचं लोकेशन बंद.

फोटो काढले की लगेच गूगल फोटोजच्या लॉक्ड फोल्डरमध्ये (फोनचं कुलूप उघडूनच दिसणारा कप्पा) हलवा, नंतरच बॅकअप चालू करा. नाहीतर राहिलेले सगळे वर चढतात. लॉक्ड फोल्डरचा वेगळा बॅकअप असतो, तोही बंदच हवा.

एक जपा: असा बॅकअप नसताना अ‍ॅप काढलं किंवा फोन रिसेट केला, तर त्या फोल्डरमधले फोटो कायमचे जातात.