मांजरासाठी विणलेल्या उंदराची शेपूट तुटू नये म्हणून

मागाहून शिवलेली शेपूट मांजर दोन दिवसांत उपटतं. म्हणून विणायला शेपटीपासूनच घ्या.

१. दुटोकी ३ मिमी सुईवर ३ टाके. सुलट विणा, सुई न उलटवता टाके दुसऱ्या टोकाला सरकवा, धागा मागून घट्ट ओढून पुन्हा सुलट. अशी ८ सेंमी दोरी.
२. प्रत्येक टाक्यात दोन विणत ६, मग १२. तीन सुयांवर वाटून गोल विणत, एक टाका सोडून पुढच्यात दोन विणून १८ करा.
३. १२ फेऱ्या टाके न वाढवता सरळ. मग १ सुलट, २ एकत्र: १२ उरतील. आता कापूस भरा, नंतर जमत नाही. पुन्हा २-२ एकत्र, उरलेल्या ६ टाक्यांतून धागा ओढून आवळा.

विण सैल पडली तर कापूस बाहेर डोकावतो. सुई बारीकच बरी.

डोळे भरतकामाचेच, मणी नकोत. लोंबता धागा मांजराने गिळला तर आतड्यात अडकतो, तेव्हा धाग्याची टोकं उंदराच्या पोटात खोचा.