क्युन्त्सेल्साऊला येताय? मग आधी लायसन्सचं बघा

जर्मनी म्हटलं की डोळ्यांसमोर म्युनिक नाहीतर फ्रांकफुर्ट येतं, आणि ऑफर लेटरवर नाव असतं क्युन्त्सेल्साऊ. घाबरू नका. कोखर नदीच्या खोऱ्यातलं पंधरा-सोळा हजार वस्तीचं हे गाव होहेनलोह जिल्ह्याचं ठिकाण आहे. शेजारचं योरिंगन याहून मोठं, पण कचेरी इथे. आपली मुलं येतात ती बहुतेक व्युर्थ कंपनीत किंवा हाइलब्रोन विद्यापीठाच्या इथल्या कॅम्पसवर. व्युर्थ म्हणजे स्क्रूवाले. 1945 साली सुरू झालेलं छोटं दुकान 1954 मध्ये एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हातात आलं आणि जगभर पसरलं. मुख्यालय मात्र अजून इथेच, गाइसबाखला.

नवीन माणूस हमखास चुकतो तो दोन कचेऱ्यांत. राटहाउस म्हणजे नगरपालिका: राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा तो इथे, घरमालकाने सही केलेला फॉर्म घेऊन. लांडराट्सआम्ट म्हणजे जिल्हा कचेरी: व्हिसाची मुदतवाढ, ड्रायव्हिंग लायसन्स, गाडीची ‘केयूएन’ अक्षरांची नंबरपाटी, सगळं तिथे. (तिथला लांडराट म्हणजे आपला कलेक्टर, असं लोक सांगतात. पण तो परीक्षा देऊन आलेला नसतो, जिल्ह्याच्या सभागृहाने निवडलेला असतो.) मोठ्या शहरातले मित्र व्हिसाच्या अपॉइंटमेंटसाठी रडत असतात, तुमची कचेरी चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तरीही मुदत संपायच्या आत अर्ज करा. जवळ आहे म्हणून लोक उद्यावर टाकतात.

आणि हो, घरात सामान लावायच्या आधी पत्रपेटीवर आडनाव चिकटवा. कर क्रमांक, बँकेचा पिन, विम्याचं कार्ड, सगळं पोस्टानेच येतं. पेटीवर ‘कुलकर्णी’ दिसलं नाही तर पोस्टमन ते पाकीट सरळ परत पाठवतो. दाराची बेल वाजवून ‘कोण राहतं इथे?’ वगैरे विचारत बसत नाही.

आता मुद्द्याचं. गावात प्रवासी रेल्वे नाही. कोखर खोऱ्यातली गाडी 1981 सालीच बंद झाली; आता स्टेशन गाठायचं तर बसने वाल्डेनबुर्ग. संध्याकाळी आणि रविवारी बस विरळ. गावातलं हॉस्पिटलही 2019 मध्ये बंद झालं, जिल्ह्याचं हॉस्पिटल योरिंगनला. जीवावरचं असेल तर 112 फिरवा. दवाखाने बंद असताना साधा ताप-पोटदुखी असेल तर 116117. टालएकरच्या वस्तीत घर मिळालं तर टेकडी चढायला 1999 पासून दोराने ओढली जाणारी रेल्वे आहे. तेवढी मजा सोडली तर गाडीवाचून इथे अडतं.

भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतं. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा. सहावा महिना उजाडेपर्यंत थांबू नका. डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा कोर्स पहिल्याच महिन्यात उरका, अर्ज टाका. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते. प्रत्यक्ष परीक्षेत परीक्षक जर्मनच बोलतो, तेव्हा ‘लिंक्स’ (डावीकडे), ‘रेख्ट्स’ (उजवीकडे), ‘वेंडन’ (गाडी उलट फिरवा) कानात बसवून जा. वीस वर्षं पुण्यात गाडी चालवलेला माणूस इथे नापास होतो तो एका गोष्टीवर: वस्तीतल्या बिनपाटीच्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. गल्ली कितीही लहान असो, तुमचा रस्ता कितीही रुंद दिसो. वेग कमी करून मान उजवीकडे वळवायची, परीक्षकाला दिसेल इतकी. वळताना खांद्यावरून मागे बघायचं, तेही तसंच. आरशात बघितलं म्हणून सांगून भागत नाही.

बाकी किरकोळ. रविवारी दुकानं बंद, शनिवारीच भाजी आणा. रात्री दहानंतर मिक्सर नको. रस्त्यात अनोळखी माणसालाही ‘ग्र्युस गॉट’ म्हणा. गावात कोण नवीन आलंय ते सगळ्यांना आधीच कळलेलं असतं. जर्मन बोलायला जीभ सुटायची असेल तर क्लासइतकाच एखादा फेराइन उपयोगी, म्हणजे इथली मंडळं: फुटबॉल, गाणं, अग्निशमन दलसुद्धा. फक्त सराव सातला म्हणजे सातला.

कोथिंबीर आणि हिरवी मिरची तुर्की दुकानात बघा. तूरडाळ-पोह्यांसाठी हाइलब्रोन किंवा स्टुटगार्टची फेरी ठरवा आणि एकदम महिन्याभराचं भरा. 1968 पासून स्टुटगार्ट हे मुंबईचं भगिनी-शहर आहे, गणपतीला आपली माणसं तिथेच भेटतील. लायसन्स हाती येईपर्यंत मात्र परतीची शेवटची बस बघूनच आरतीला उभे राहा.