उन्हाळ्यात मनालीला जाताना

बियास नदीच्या काठी सुमारे २,०५० मीटर उंचीवर वसलेल्या मनालीला मे महिन्यात जायचे असेल, तर रेल्वेचे आरक्षण खुले होताच चंदीगडपर्यंतची तिकिटे काढून ठेवावीत. तिथून सुमारे तीनशे किलोमीटरचा घाटरस्ता असल्यामुळे जाण्यायेण्याचे दोन दिवस वेगळेच धरावेत. रोहतांग खिंडीसाठी ऑनलाइन परवाना लागतो. खिंडीखालच्या अटल बोगद्यातून पलीकडच्या लाहौल खोऱ्यात जाण्यासाठी मात्र तो लागत नाही. खिंड जवळजवळ चार हजार मीटर उंच असल्याने पहिल्याच दिवशी तिकडे धावू नये.

सर्वाधिक सावध नदीपासून राहावे. तिचे पाणी वितळलेल्या बर्फाचे असते, हात बुडवला की बोटे क्षणात बधिर होतात. आणि सकाळी उघडे दिसणारे गोटे, दिवसभर बर्फ वितळल्यावर, संध्याकाळपर्यंत पाण्याखाली गेलेले असतात. जून २०१४ मध्ये खाली लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात छायाचित्रे काढायला उतरलेले अभियांत्रिकीचे विद्यार्थी वाहून गेले. म्हणून मुलांचा हात धरूनच काठावर जावे, पात्रातल्या खडकांवर अजिबात उतरू नये. सामानात स्वेटर, कानटोपी आणि घाटात मळमळणाऱ्यांसाठी आवळासुपारी असावी.