साठीनंतरच्या ‘ताकदीच्या’ गोळ्या: या चुका टाळा

काकाजींनी मिठाईचा जुना डबा काउंटरवर उलटा केला. “यातलं जे संपत आलं ते देऊन द्या.” गोळ्यांचे सात पत्ते निघाले. हाडांची गोळी, गुडघ्यांची, ‘ज्येष्ठांसाठी’ असं लिहिलेली मल्टिव्हिटॅमिन, नसांची, थायरॉईडची, बीपीची आणि रक्तवाढीची. मागचं बारीक छापील वाचलं तर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तीन पत्त्यांत. एक पत्ता हाडांच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला, एक मुलानं पुण्याहून पाठवलेला, एक शेजाऱ्यांना गुण आला म्हणून आणलेला.

“घेता कधी काकाजी?”

“सकाळीच. चहासंगं सगळ्या एकदम. मग दिवसभर डोक्याला ताप नाही.”

नागपूरच्या महाल भागात औषधाच्या दुकानात उभं राहून मला बावीस वर्षं झाली. पन्नास गिऱ्हाइकांत हा डबा दोनदा तरी उघडतो. गोळ्या बहुतेक बरोबरच असतात, घोळ घड्याळात असतो.

सगळ्या एकदम घेणं

या काकाजींचं टीएसएच, म्हणजे थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा, वर्षभर खाली येत नव्हतं. डोस दोनदा वाढवून झाला होता. कारण त्या चहाच्या कपाशी होतं. थायरॉईडच्या गोळीला कॅल्शियम आणि लोह पोटातच धरून ठेवतात, रक्तात जाऊच देत नाहीत. ही गोळी उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत घ्यायची, चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासानं, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी किमान चार तासांनी. वेळ बदलल्यावर दीड-दोन महिन्यांनी टीएसएच पुन्हा तपासायचं आणि डॉक्टरांना वेळ बदलल्याचं सांगायचंच. नाही तर वाढवलेला डोस अचानक पूर्ण लागू पडतो आणि छातीत धडधड सुरू होते.

लोह आणि कॅल्शियम यांचंही आपसात पटत नाही. लोहाचं चहाशी तर मुळीच नाही. रक्तवाढीची गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या, चहा त्याआधी आणि नंतर तासभर तरी लांब ठेवा.

कॅल्शियमच्या पत्त्यावर १२५० मिलिग्रॅम कार्बोनेट लिहिलेलं असतं, त्यात खरं कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम. शरीर एका वेळी साधारण तेवढंच नीट शोषतं, म्हणून दोन गोळ्या सोबत घेण्यात फायदा नाही. कार्बोनेट जेवणानंतरच घ्यायचं, कारण त्याला पोटातलं आम्ल लागतं. सावजीची तर्री आवडते म्हणून वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी घेणारे आपल्याकडे कमी नाहीत. त्यांनी कॅल्शियम सायट्रेट चालेल का, हे डॉक्टरांना विचारावं.

आठवड्याची पुडी रोज

ही चूक माझ्याच घरात झाली. सासऱ्यांना ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी लिहून दिली होती, आठवड्यातून एक, आठ आठवडे. सुनेला त्रास नको म्हणून त्यांनी दुसऱ्या दुकानातून आणली आणि रोज रात्री दुधात घालून घेऊ लागले. सोबत कॅल्शियमची गोळी होतीच. वीस दिवसांत बारा लाख युनिट पोटात गेले.

महिना मे. सारखी तहान, सारखी लघवी, पोट साफ नाही, जेवण नको. आम्ही सगळे म्हणालो, ऊन लागलं. कांद्याचा रस तळपायांना चोळला, पन्हं पाजलं. एका दुपारी ते मला माझ्या नणंदेच्या नावानं हाक मारू लागले तेव्हा दवाखान्यात नेलं. रक्तातलं कॅल्शियम १३ च्या वर निघालं. ते साधारण ८.५ ते १०.५ मध्ये असायला हवं. चार दिवस सलाईन चढली, किडनी थोडक्यात वाचली. शुद्धीवर आल्यावर म्हणाले, “चांगली वस्तू होती बाई, रोज घेतली तर काय बिघडते असं वाटलं.”

ब आणि क जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात, जास्तीचं बरंचसं लघवीतून जातं. बी-कॉम्प्लेक्सनंतर लघवी जर्द पिवळी दिसते ती त्यामुळेच, घाबरू नका. ड चरबीत साठतं, लवकर बाहेर पडत नाही. पुडी सुरू असताना वरची लक्षणं दिसली तर उन्हाला दोष देण्याआधी पुड्या मोजा आणि रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्या. कोर्स संपल्यावर पुढे महिन्याला एक घ्यायची की बंद, हेही डॉक्टरच सांगतील.

‘नसांची गोळी’ म्हणजे नुसतं बी-१२ नव्हे

पाय बधिर झाले, तळव्यांना मुंग्या येतात, की घरचे म्हणतात शुगरनं झालं. असेलही. पण मेटफॉर्मिन अनेक वर्षं सुरू असेल तर बी-१२ कमी शोषलं जातं. ॲसिडिटीच्या गोळ्यांनीही तेच होतं. त्यात माणूस पूर्ण शाकाहारी असेल आणि दूध-दहीही कमी असेल, तर साठा रिकामाच. तपासणी साध्या रक्ताची आहे. ती न करता नुसतं फॉलिक ॲसिड घेऊ नये, कारण त्यानं हिमोग्लोबिन सुधारतं पण नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं.

दुसरा घोळ पत्त्यावरच्या नावात असतो. मिथाइलकोबालामिन (म्हणजे बी-१२) लिहिलेल्या कित्येक गोळ्यांत शेजारी प्रीगाबालिनही असतं. ते वेदनेचं औषध आहे, झोप आणि चक्कर आणतं, काहींच्या पायांवर सूज येते. ‘व्हिटॅमिनच तर आहे’ म्हणून दुसऱ्याच्या पत्त्यातली गोळी घेऊन रात्री बाथरूमला जाताना पडलेली दोन माणसं माझ्याच गल्लीत आहेत. एक जण खुब्याला प्लेट बसवून आलं. आणि डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर ही गोळी मनानं एकदम बंदही करायची नाही.

वरणाच्या पाण्यावर ताकद

गिऱ्हाईक पावडरचा डबा मागतं तेव्हा मी आधी विचारते, काल काय जेवलात? उत्तर ठरलेलं. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी दोन पोळ्या, भाजी, वाटीभर पातळ वरण, रात्री मऊ खिचडी, झोपताना दूध. हिशेब मांडला तर प्रथिनं तीस ग्रॅमच्या आसपास. साठ किलोच्या ज्येष्ठाला दिवसाला ६० ते ७० ग्रॅम लागतात, म्हणजे किलोमागे साधारण एक ते १.२ ग्रॅम. म्हणून जिन्याचा कठडा धरावा लागतो, बाटलीचं झाकण उघडत नाही. आपण त्याला वय म्हणतो.

यासाठी हजाराचा डबा लागेलच असं नाही. वरण घट्ट करा. वाटीभर झुणक्यात पन्नासेक ग्रॅम बेसन गेलं तर दहा ग्रॅम प्रथिनं आली. एक अंडं सहा ग्रॅम, पन्नास ग्रॅम पनीर नऊ. कवळी आहे म्हणून फुटाणे सुटले असतील तर ते मिक्सरमधून काढून ताकात कालवा. पाटोडीची वडी रश्शात भिजून मऊ होते, तिलाही दात लागत नाहीत, फक्त तेलाचा हात आवरा. तिन्ही वेळा थोडं थोडं हवं, सगळं रात्रीच्या दुधावर ढकलू नका. आणि खुर्चीतून हात न टेकता उठबस करा, दहा-दहा वेळा, नाही तर खाल्लेलं स्नायूंत जाणार कसं? क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीतला आकडा) वाढलेलं असेल तर मात्र हा हिशेब किडनीच्या डॉक्टरांनीच करायचा.

डबा घ्यायचाच असेल तर समोरचं चित्र सोडा, मागे एका चमच्यात प्रथिनं किती आणि साखर किती ते वाचा. एका आजींची शुगर अशा ‘ताकदीच्या’ दुधानंच चढत होती.

छोट्या छोट्या चुका

रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली की पालक, मेथी, अंबाडी बंद, असं घरोघरी करतात. हा नियम ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेलला नाहीच. वॉर्फरिन, ॲसेनोकुमरॉल घेणाऱ्यांनीही भाजी बंद करायची नसते, रोज साधारण सारखी ठेवायची असते. आज ढीगभर आणि मग पंधरा दिवस नाही, असं केलं की आयएनआर (रक्त गोठण्याच्या तपासणीचा आकडा) हलतो.

कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांवर ग्रेपफ्रूट नको, हे मोबाइलवर वाचून एका काकूंनी ऐन मोसमात संत्री सोडली. नागपुरात! संत्रं वेगळं फळ आहे, खुशाल खा, फक्त रस न काढता फोडी खा.

‘कमी सोडियमच्या’ मिठात सोडियमच्या काही भागाऐवजी पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी चालू असेल, तर विचारल्याशिवाय डब्यात भरू नका.

केसांच्या गोळीत बायोटिन असेल तर रक्त देण्याआधी लॅबमध्ये सांगा, थायरॉईडचे आकडे खोटे येऊ शकतात.

डोळ्यांच्या ल्युटीनच्या कॅप्सूलनं मोतीबिंदू थांबत नाही. जस्त आणि क, ई जीवनसत्त्वांसह ती ठरावीक मात्रेत उपयोगी पडते ती पडद्याच्या म्हातारपणी होणाऱ्या आजारात, तेही तो मधल्या टप्प्यावर असेल तेव्हा.

आणि उतारवयात हिमोग्लोबिन घसरलं तर लोहाची गोळी मागण्याआधी ते कुठून गळतंय हे शोधा. मूळव्याध असेल, अल्सर असेल, आतड्याची गाठही असू शकते. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही बऱ्याच घरांत आहे, तिथे फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) न बघता लोह देणं बरोबर नाही. गोळीनं शौच काळी होते ते ठीक, पण गोळी न घेता डांबरासारखी काळी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

त्या काकाजींना मी जुन्या बिलाच्या पाठीवर लिहून दिलं: पहाटे सहाला थायरॉईड, पाण्यासोबत. सातला चहा. नाश्त्यानंतर बीपीची. दुपारी जेवण झाल्यावर कॅल्शियम, एकच. संध्याकाळी पाचला लोह, लिंबूपाणी. गुडघ्यांची आणि मल्टिव्हिटॅमिन बाजूला ठेवा, पुढच्या वेळी पूर्ण डबा डॉक्टरांसमोर उलटा करा, नसांच्या गोळीचंही तिथंच विचारा. तो कागद त्यांच्या फ्रिजवर आहे म्हणतात. तुमचाही डबा घेऊन या, दुपारी दोन ते चार दुकानात गर्दी नसते. पत्ते घेऊन या मात्र, नुसत्या सुट्या गोळ्या ओळखायला मला सांगू नका.